तळ सुटला तेव्हा: स्विस फ्रँकची १५ जानेवारी २०१५ ची उडी आणि अंदाजाचा प्रश्न

१५ जानेवारी २०१५, गुरुवार. झ्युरिकमध्ये सकाळचे साडेदहा वाजले आणि स्विस नॅशनल बँकेने एक छोटं निवेदन काढलं. एका युरोला किमान १.२० फ्रँक हा दर, म्हणजे युरोच्या किमतीचा तळ, यापुढे राखला जाणार नाही, आणि बँकांच्या ठेवींवरचा व्याजदर उणे ०.२५ वरून उणे ०.७५ टक्के होईल, एवढाच त्याचा मथितार्थ होता. काही मिनिटांत युरो १.२० वरून कोसळला. काही व्यवहार-मंचांवर तो ०.८५ च्या आसपास दिसला, मग सावरला आणि दिवस संपताना एकास एकच्या जवळ रेंगाळत राहिला. स्विस शेअर बाजाराचा निर्देशांक त्या एका दिवसात सुमारे पावणेनऊ टक्के पडला.

आदल्या संध्याकाळी मात्र हा जगातल्या सर्वांत शांत चलनदरांपैकी एक होता. कित्येक आठवडे तो १.२० च्या किंचित वर, दशांशाच्या तिसऱ्या-चौथ्या स्थानावर हलत होता. व्होलॅटिलिटी, म्हणजे किमतीचा चढउतार, मोजणारं कुठलंही साधं मॉडेल घ्या, ते म्हणालं असतं की इथे जोखीम जवळपास नाही.

हे प्रकरण अभ्यासाला निवडण्याचं कारण हेच आहे. यात किमतीच्या रोजच्या चढउताराचा अंदाज आणि किमतीच्या उडीचा अंदाज हे दोन प्रश्न एकमेकांपासून स्वच्छ वेगळे झालेले दिसतात. इतर बहुतेक घटनांमध्ये ते गुंतलेले असतात. बाजार आधीच अस्वस्थ असतो, चढउतार वाढलेले असतात, मग मोठी पडझड येते आणि मॉडेलवाले म्हणतात की इशारा मिळाला होता. इथे चढउताराने कसलाही इशारा दिला नाही. जो इशारा होता तो किमतीबाहेरच्या आकड्यांत होता.

तळ कसा बांधला गेला

२०११ च्या उन्हाळ्यात युरो क्षेत्राचं कर्जसंकट पेटलं होतं आणि घाबरलेला पैसा स्वित्झर्लंडकडे धावत होता. फ्रँक इतका वधारला की ऑगस्ट २०११ मध्ये युरो जवळजवळ एकास एकवर आला. निर्यातीवर जगणाऱ्या देशाला हे झेपणारं नव्हतं. ६ सप्टेंबर २०११ रोजी स्विस नॅशनल बँकेने जाहीर केलं की युरो १.२० च्या खाली जाऊ दिला जाणार नाही आणि त्यासाठी लागेल तेवढं, अमर्याद परकीय चलन विकत घेण्याची तयारी आहे.

त्या 'अमर्याद' शब्दात सगळी ताकद होती. आपलं चलन पडू नये म्हणून लढणाऱ्या मध्यवर्ती बँकेकडे परकीय चलनाचा साठा मर्यादित असतो. तो आटला की लढाई संपते. १६ सप्टेंबर १९९२ ला ब्रिटिश पौंड युरोपीय विनिमय यंत्रणेतून बाहेर पडला तो असाच. आपलं चलन चढू नये म्हणून लढणाऱ्या बँकेचं गणित उलटं असतं. तिला विकायचं असतं स्वतःचंच चलन, आणि ते ती हवं तेवढं निर्माण करू शकते. त्यामुळे बाजारात एक समज घट्ट बसला की हा तळ तोडणं सट्टेबाजांच्या हातात नाही. समज बरोबरच होता. सट्टेबाजांनी तो तोडला नाहीच. ज्यांनी बांधला त्यांनीच सोडून दिला.

गार्चला काय दिसत होतं

रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये आर्च मॉडेल मांडलं आणि टिम बोलरस्लेव्ह यांनी १९८६ मध्ये त्याचं गार्च हे व्यापक रूप दिलं. एंगल यांना २००३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते या कामासाठी. कल्पना सोपी आणि खरोखर सुंदर आहे. बाजारात मोठ्या हालचालींच्या मागे मोठ्या हालचाली येतात आणि शांततेमागे शांतता. म्हणून उद्याच्या चढउताराचा अंदाज तीन गोष्टींनी बनतो: एक स्थिर अंश, आजच्या धक्क्याच्या वर्गाचा काही भाग, आणि आजच्या अंदाजाचाच मोठा भाग. शेअर, सोनं, तेल, मोकळी चलनं, सगळीकडे हे मॉडेल आश्चर्य वाटावं इतकं चांगलं चालतं.

आता हेच मॉडेल २०१४ च्या अखेरीच्या युरो-फ्रँकवर लावा. आजचा धक्का शून्याजवळ, कालचाही तसाच, महिन्याभराचेही तसेच. मॉडेल दिवसेंदिवस आपला अंदाज खाली आणत जातं. उदार होऊन धरू की रोजच्या बदलाचं प्रमाण विचलन, म्हणजे रोजचा बदल साधारण किती मोठा असतो त्याचं माप, ०.१ टक्का आहे. दहा लाख युरो विकत घेऊन बसलेल्या माणसाचा सौदा १२ लाख फ्रँकचा झाला. ९९ टक्के खात्रीचं एका दिवसाचं 'व्हॅल्यू ॲट रिस्क', म्हणजे शंभरातल्या ९९ दिवशी तोटा ज्याच्या पलीकडे जाणार नाही तो आकडा, काढला तर ते येतं सुमारे २,८०० फ्रँक. युरो एकास एकवर आल्यावर झालेलं नुकसान २,००,००० फ्रँक.

घसरण लघुगणकी हिशेबाने १८ टक्क्यांची होती, म्हणजे त्या विचलनाच्या १८० पटींहून जास्त. असा आकडा समोर आला की 'अब्जावधी वर्षांतून एकदा घडणारी घटना' असं म्हणायची प्रथा आहे. मला ती प्रथा घातक वाटते. त्या वाक्यात दोष घटनेच्या माथी मारला जातो. खरं तर १८० पट हा आकडा एवढंच सांगतो की मोजपट्टी चुकीच्या वस्तूला लावली होती. मॉडेलने मोजली ती मध्यवर्ती बँकेच्या खरेदीमुळे दाबून धरलेल्या किमतीची हालचाल. ती खरेदी चालू राहील की नाही, हा प्रश्न त्या आकड्यांत कुठे नव्हताच.

पॉल क्रुगमन यांच्या १९९१ च्या विनिमय-पट्ट्याच्या, म्हणजे ठरावीक मर्यादांत राखलेल्या चलनदराच्या, सिद्धांतात हे आधीच लिहिलेलं आहे. पट्ट्याच्या कडेवर लोकांचा विश्वास असेल, तर किंमत कडेजवळ येते तसतशी ती मूळ आर्थिक घटकांना कमी कमी प्रतिसाद देऊ लागते. घटक हलत असतात, किंमत हलत नाही. म्हणजे कडेजवळची शांतता ही दाब वाढल्याची खूण असू शकते. मोकळ्या बाजाराच्या सवयीने पाहणारा तीच शांतता जोखीम घटल्याची खूण म्हणून वाचतो.

न घडलेल्या गोष्टीची आकडेवारी

इथे एक जुनं उदाहरण उपयोगी पडतं. मेक्सिकोचा पेसो १९५४ पासून डॉलरला १२.५० या दराला बांधलेला होता. तरीही पेसोतल्या व्याजदरांत आणि वायद्यांत अवमूल्यनाची भीती वर्षानुवर्षं दिसत राहिली. आकडेवारी पाहणाऱ्याला वाटलं असतं की बाजार उगाच घाबरतो आहे. १९७६ मध्ये पेसो कोसळला आणि भीतीचं कारण कळलं. अर्थशास्त्रात या कोड्याला 'पेसो समस्या' हेच नाव पडलं: मोठी घटना संभवते, पण उपलब्ध नमुन्यात ती अजून आलेली नसते.

फ्रँकच्या बाबतीत हा हिशेब हाताने करता येतो. तळ ६ सप्टेंबर २०११ ते १५ जानेवारी २०१५, म्हणजे सुमारे ३.३६ वर्षं टिकला. समजा, तळ सुटण्याची खरी शक्यता दरवर्षी ५ टक्के होती. तर एवढा काळ काहीच न होण्याची शक्यता ८४ टक्के निघते. शक्यता दरवर्षी २० टक्के असती, तरी काहीच न घडण्याची शक्यता सुमारे ४७ टक्के उरते, जवळपास नाणेफेक. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळाच्या निर्विघ्न आकडेवारीवरून ५ टक्के आणि २० टक्के यांतला फरकही धडपणे सांगता येत नाही. 'इतकी वर्षं टिकला, म्हणजे भक्कम आहे' हा युक्तिवाद किती पोकळ होता ते इथे दिसतं. दर मिनिटाचे आकडे जमवले, लाखो निरीक्षणं झाली, तरी उडीबद्दलची माहिती वाढत नाही. उडीच्या प्रश्नासाठी ते लाखो आकडे मिळून एकच निरीक्षण आहेत.

रॉबर्ट मर्टन यांनी १९७६ मध्ये किमतीच्या सलग हालचालीत अधूनमधून येणाऱ्या उड्या मिसळून मॉडेल मांडलं. त्या चौकटीत आपले आकडे घालून पाहू. रोजचं विचलन ०.१ टक्का म्हणजे वर्षाचं सुमारे १.६ टक्के. त्यात वर्षाला ५ टक्के शक्यतेची १५ टक्क्यांची उडी मिसळली, तर एकूण वार्षिक विचलन सुमारे ३.७ टक्के होतं आणि एकूण विचरणातला (विचलनाच्या वर्गातला) ८० टक्क्यांहून जास्त वाटा त्या एकट्या, अजून न आलेल्या उडीचा असतो. पुन्हा वाचावं असं हे वाक्य आहे. ज्या गोष्टीचा आकडेवारीत एकही दाखला नाही, तिच्यात जोखमीचा चार-पंचमांश भाग बसलेला. मग उरलेल्या एक-पंचमांशाचं मॉडेल कितीही बारकाईने घासून काय साधणार?

मर्टन यांच्या मूळ मॉडेलमध्ये उडीची शक्यता काळानुसार बदलत नाही. इथे ती बदलत होती, आणि कशामुळे, ते शोधणं हेच अंदाज बांधणाऱ्याचं खरं काम होतं.

दाब कुठे दिसत होता

पहिली जागा, स्विस नॅशनल बँकेचा ताळेबंद. तळ राखायचा म्हणजे युरो विकत घ्यायचे. एकट्या २०१२ मध्ये बँकेने १८८ अब्ज फ्रँकचं परकीय चलन घेतलं. २०१४ च्या शेवटी परकीय चलनाची गंगाजळी ४९५ अब्ज फ्रँकच्या आसपास होती, देशाच्या वार्षिक सकल उत्पादनाच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त. एवढ्या साठ्यावर युरो दहा टक्के पडला तरी बँकेला किती फटका बसेल हे कुणालाही कळत होतं. शिवाय ही बँक भागधारक असलेली संस्था आहे आणि तिच्या नफ्याचा वाटा राज्यांना जातो, त्यामुळे ताळेबंदाचा प्रश्न राजकीयही होता. बँकांच्या मध्यवर्ती बँकेकडच्या ठेवींचे आकडे दर आठवड्याला जाहीर होतात. खरेदी चालू आहे की थांबली आहे, याचा तो बऱ्यापैकी ताजा माग असतो.

दुसरी जागा, युरो-डॉलर. मे २०१४ मध्ये १.३९ च्या आसपास असलेला युरो जानेवारी २०१५ च्या मध्याला १.१८ च्या खाली घसरला होता. फ्रँक युरोला बांधलेला, म्हणून डॉलरच्या तुलनेत फ्रँकही तेवढाच घसरला. तळ बांधला तेव्हा 'फ्रँक फार महाग झाला आहे' हे कारण होतं. ते कारण आता विरळ होत चाललं होतं. १५ तारखेच्या निवेदनात बँकेने नेमका हाच मुद्दा मांडला. मोठ्या चलनक्षेत्रांची पतधोरणं वेगवेगळ्या दिशांना चालली आहेत आणि युरोबरोबर फ्रँकही डॉलरसमोर स्वस्त झाला आहे, असं तिथे म्हटलं होतं.

तिसरी जागा, दिनदर्शिका. युरोपीय मध्यवर्ती बँकेची बैठक २२ जानेवारीला होती आणि मोठ्या रोखेखरेदीची अपेक्षा सगळीकडे बोलली जात होती. त्या दिवशी ती जाहीर झालीही, महिन्याला ६० अब्ज युरो. त्यासाठी नवे युरो बाजारात येणार आणि युरो आणखी उतरणार, म्हणजे तळ राखण्याची किंमत लवकरच वाढणार हे ठाऊक होतं आणि तारीखही ठाऊक होती. ज्याला सोडायचंच आहे, तो ही तारीख यायच्या आधी सोडेल.

चौथी खूण १८ डिसेंबर २०१४ ची. बँकेने त्या दिवशी उणे व्याजदर जाहीर केला. तळ आपोआप टिकत असता तर याची गरज पडली नसती.

पाचवी जागा ऑप्शनची. तळ पूर्ण विश्वासार्ह असता, तर १.२० च्या खालच्या दराने युरो विकण्याचा हक्क देणाऱ्या पुटला कुणी काहीच किंमत दिली नसती. प्रत्यक्षात ते पुट फुकट मिळत नव्हते. त्यांच्या किमतीतून तळ सुटण्याची शक्यता काढता येते. पण एक मर्यादा आहे. ती शक्यता आणि घाबरलेल्यांनी विम्यासाठी दिलेला जादा पैसा, दोन्ही त्या किमतीत मिसळलेले असतात आणि वेगळे काढायला गृहीतकं लागतात. तरीही शून्य आणि शून्य नसणं, यांतला फरक ऑप्शन बाजार सांगत होता, जो गार्च सांगू शकत नव्हतं.

'करू शकते' आणि 'करत राहील'

या खुणा जाहीर असूनही अमेरिकेतल्या वायदे बाजाराच्या साप्ताहिक आकडेवारीत सट्टेबाज निव्वळ फ्रँक विकून बसलेले होते. का? कारण प्रत्येकाने बँकेची क्षमता तपासली आणि तिथेच थांबला. बँक अमर्याद फ्रँक निर्माण करू शकते, हे खरं. ती ते करत राहील का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर क्षमतेत नसतं. ते खर्चाच्या आणि फायद्याच्या तराजूत असतं.

त्यात १२ जानेवारीला बँकेचे उपाध्यक्ष ज्याँ-पिएर दाँतिन यांनी स्विस दूरचित्रवाणीवर सांगितलं की किमान दर हाच पतधोरणाचा आधारस्तंभ राहिला पाहिजे. तीन दिवसांनी तो काढला गेला. यावर पुष्कळ संताप झाला. पण अंदाज बांधणाऱ्याने हे आधीच धरून चालायला हवं होतं. बांधलेला दर सोडणारी बँक शेवटच्या क्षणापर्यंत 'सोडणार नाही' असंच म्हणते, कारण चाहूल लागू दिली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर अब्जावधींचे युरो येऊन आदळतील. सोडायचं नसेल तरी तेच वाक्य, सोडायचं असेल तरी तेच वाक्य. दोन्ही शक्यतांत सारखंच ऐकू येणारं विधान पुरावा म्हणून शून्य किमतीचं असतं. बाजाराने त्याला बरीच किंमत दिली.

शक्यता नेमकी किती, हे कळायची गरज होती का?

इथे पश्चातबुद्धीचा धोका आहे आणि तो टाळायला हवा. १४ जानेवारीला कुणी 'उद्या तळ सुटेल' असं म्हटलं असतं, तर ते ज्ञान नसतं, नशीब असतं. दिवस सांगता येत नव्हता. पण सौदा करणाऱ्याला दिवस लागतच नाही.

१.२०१० च्या आसपास युरो घेणाऱ्याचा हिशेब बघा. खाली १.२० ला भिंत आहे, वर थोडी जागा आहे, म्हणजे फायदाच फायदा, असा तो सौदा सांगितला जाई. युरो १.२१ पर्यंत चढला तर दहा लाख युरोंवर मिळणार सुमारे ९,००० फ्रँक. तळ सुटला तर जाणार २,००,००० फ्रँक. दोन्ही बाजू समतोल व्हायला तळ सुटण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आत हवी, आणि तीसुद्धा तळ टिकल्यास फायदा हमखास मिळतोच असं धरून. प्रश्न एवढाच उरतो: सौदा बाळगण्याच्या काही महिन्यांत ही शक्यता साडेचार टक्क्यांच्या खाली आहे, असं छातीठोकपणे म्हणता येतं का? ताळेबंद, २२ तारीख, उणे व्याजदर हे सगळं समोर ठेवल्यावर माझ्या मते ते म्हणता येत नव्हतं. सात टक्के की बारा टक्के, यावर वाद घालायची गरजच नाही. निर्णयाला उंबरठा लागतो, आणि शक्यता उंबरठ्याच्या कुठल्या बाजूला आहे तेवढं पुरतं.

उडीचा आकार तर याहून सोपा होता. तळ बांधण्याआधी, ऑगस्ट २०११ मध्ये, मोकळा बाजार युरोला जवळजवळ एकास एक किंमत देत होता. आधार काढला तर किंमत कुठे जाईल, याचा सर्वांत साधा अंदाज तोच. १५ जानेवारीचा शेवट जवळपास तिथेच झाला. दिशेबद्दल तर शंकाच नव्हती. भिंत खाली असताना उडी वर जात नाही.

ती मिनिटं

०.८५ हा आकडा मात्र कुठल्याही आर्थिक घटकातून निघत नाही. तो निघाला तरलतेच्या अभावातून. तळाखाली खरेदीच्या ऑर्डर जवळपास नव्हत्याच, कारण तिथे ठेवण्याचं कुणाला कारण नव्हतं. होत्या त्या स्टॉप लॉसच्या विक्री-ऑर्डर, १.२० च्या अगदी खाली दाटून बसलेल्या. बँक बाजूला झाली आणि विकणारे सगळे एकाच वेळी खरेदीच्या ऑर्डरींच्या एका रिकाम्या वहीवर जाऊन आदळले. भाव देणाऱ्या बँकांनी भाव देणंच थांबवलं. वेगवेगळ्या मंचांवरचे नीचांकही वेगवेगळे आहेत, कारण त्या क्षणी एकच एक किंमत अस्तित्वात नव्हती.

स्टॉप लॉसवर भिस्त ठेवणाऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान झालं. १.१९५० वर स्टॉप लावणारा धरून चालला होता की दहा लाख युरोंवर जास्तीत जास्त पाच-सहा हजार फ्रँक जातील. पण स्टॉप लॉस म्हणजे किमतीची हमी नाही. तो फक्त सांगतो की किंमत तिथे पोचली की मिळेल त्या भावाला विका. किंमत १.१९५० वरून गेलीच नाही, ती त्यावरून उडाली. त्यातच ब्रोकर पन्नासपट उधारीवर सौदे करू देत असतील, तर मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवलेली अनामत, भरलेलं असतं २४,००० फ्रँक आणि तोटा २,००,००० चा. ग्राहकाचे पैसे संपून वर १,७६,००० चं देणं उरतं आणि ते वसूल झालं नाही तर ब्रोकरच्या डोक्यावर बसतं. एफएक्ससीएम या मोठ्या ब्रोकरच्या ग्राहकांची अशी थकबाकी २२.५ कोटी डॉलरच्या घरात गेली आणि त्याला ३० कोटी डॉलरचं तातडीचं कर्ज घ्यावं लागलं. अल्पारी या दुसऱ्या ब्रोकरची ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीत गेली.

मार्जिन ठरवण्याची नेहमीची पद्धत अलीकडच्या चढउतारावर बसवलेली असते. शांत किमतीला कमी मार्जिन, म्हणून जास्त उधारी, म्हणून जास्त सौदे, म्हणून तळाखाली जास्त स्टॉप. चढउताराचा चुकीचा अंदाज इथे फक्त चुकीचा राहिला नाही; त्याने उडी मोठी केली.

दुसऱ्या दिवशीची उलटी चूक

उडीनंतर गार्च पुन्हा चुकतं, पण आता उलट्या बाजूला. धक्क्याच्या वर्गाला ०.०८ वजन धरलं, तर १८ टक्क्यांच्या घसरणीनंतर मॉडेल उद्यासाठी ५ टक्क्यांहून जास्त रोजचं विचलन सांगतं. आठवण टिकण्याचा गुणक ०.९८ असेल, तर अंदाजातलं विचरण निम्मं व्हायला ३४ कामकाजाचे दिवस लागतात. बाजार तसा वागला नाही. काही दिवस दर हेलकावत राहिला, पण फेब्रुवारीत तो १.०५ च्या वरच्या भागात येऊन बराच स्थिरावला. मॉडेल मात्र रोज प्रलयाची वाट बघत राहतं.

याला उपाय आहे. ओले बार्नडॉर्फ-नील्सन आणि नील शेफर्ड यांनी २००४ मध्ये 'बायपॉवर व्हेरिएशन' मांडलं. दिवसाचे पाच-पाच मिनिटांचे बदल घेऊन त्यांच्या वर्गांची बेरीज केली, तर तिच्यात सलग चढउतार आणि उडी दोन्ही येतात. वर्गाऐवजी शेजारशेजारच्या बदलांच्या मूल्यांचा गुणाकार घेतला, तर एकट्या उडीला शेजारचा छोटा बदल गुणतो आणि तिचा प्रभाव विरून जातो. आकडा घेऊन पाहा. उडी १५ टक्क्यांची आणि दोन्हीकडचे बदल ०.०१ टक्क्याचे असतील, तर वर्गांच्या बेरजेत उडीमुळे २२५ ची भर पडते, गुणाकारांच्या बेरजेत गुणकासकट ०.५ हूनही कमी. या दोन बेरजांतला फरक म्हणजे त्या दिवशीची उडी.

अँडरसन, बोलरस्लेव्ह आणि डायबोल्ड यांच्या २००७ च्या अभ्यासात असं दिसलं की पुढच्या चढउताराबद्दल सांगण्यासारखं जवळपास सगळं सलग भागात असतं. उडीचा भाग फारसा टिकत नाही. म्हणून दैनिक, साप्ताहिक आणि मासिक सरासरीवर चालणाऱ्या 'हार' मॉडेलमध्ये हे दोन भाग वेगळे घातले की उडीनंतरचा अंदाज लवकर शुद्धीवर येतो. १५ जानेवारीच्या सकाळी मात्र ही पद्धतही अडखळते. त्या दिवशी उडीच्या शेजारचे बदल छोटे नव्हते, तेही टक्क्याटक्क्यांचे होते, आणि मध्ये मध्ये भावच नव्हता. अशा दिवशी घड्याळ आणि निवेदन हातात घेऊन माणसाने खूण करणं जास्त भरवशाचं.

डेन्मार्क आणि चेक प्रजासत्ताक

फ्रँक सुटताच बाजाराची नजर डॅनिश क्रोनवर गेली. तोही युरोला बांधलेला, दाबही चढत्या बाजूचा. डेन्मार्कच्या मध्यवर्ती बँकेने तीन आठवड्यांच्या आत चार वेळा व्याजदर कापला, तो उणे ०.७५ टक्क्यांवर नेला, प्रचंड परकीय चलन घेतलं, आणि सरकारने रोखे काढणं काही काळ थांबवलं. बंधन टिकलं. फरक होता तो या बंधनाच्या मुळांचा. डेन्मार्कसाठी ती दशकांची, राजकीय एकमताने आलेली चौकट आहे. स्वित्झर्लंडसाठी ती संकटातली तात्पुरती सोय होती. नुसता दाब मोजणाऱ्याला दोन्ही देश सारखे दिसले असते.

चेक प्रजासत्ताकाने नोव्हेंबर २०१३ मध्ये युरोला २७ कोरुनांचा तळ बांधला आणि ६ एप्रिल २०१७ ला काढला. स्विस प्रकरणाशी रचना तीच, पण उडी आली नाही. कोरुना थोडासाच वधारला. तिथल्या बँकेने हा तळ साधारण केव्हापर्यंत राहील, ते आधीपासून सांगितलं होतं, आणि सट्टेबाज कोरुना घेऊन आधीच बसलेले होते. तळ निघाल्यावर विकत घेणारे नवे हात कमी उरले. उडीचा आकार ठरवण्यात किती लोक चुकीच्या बाजूला उभे आहेत, याचा वाटा एवढा मोठा असतो. स्वित्झर्लंडमध्ये जवळपास सगळे एकाच बाजूला होते.

१४ जानेवारीच्या संध्याकाळचा कागद

या सगळ्यातून त्या संध्याकाळी कसा अंदाज लिहिता आला असता? एका आकड्यात नाही. तळ टिकला तर रोजचं विचलन ०.१ टक्क्याच्या आत, आणि हे गार्च किंवा 'हार' छान सांगेल. तळ सुटण्याची पुढच्या तीन महिन्यांतली शक्यता साडेचार टक्क्यांच्या उंबरठ्याच्या वर, २२ तारखेच्या आधीचा आठवडा सर्वांत नाजूक. सुटला तर दिशा खाली, मुक्काम १.०० ते १.०५, आणि पहिल्या तासात त्याच्याही खाली, कारण खरेदीदार नाहीत. स्टॉप लॉस चालणार नाही असं धरा. या चार ओळींतली पहिलीच किमतीच्या इतिहासातून येते. बाकीच्या ताळेबंदातून, निवेदनांतून, दिनदर्शिकेतून आणि २०११ च्या एका जुन्या आकड्यातून.

त्याच महिन्याने दोन देशांची तुलनाही समोर ठेवली. पोलंडमध्ये लाखो कुटुंबांची घरकर्जं फ्रँकमध्ये होती, कारण त्यांवरचं व्याज कमी होतं. साडेतीन झ्लॉटींच्या आसपास असलेला फ्रँक १५ जानेवारीला थोडा वेळ पाचच्याही वर गेला आणि दिवस संपतानाही चारच्या वर होता. लोकांचं कर्ज एका सकाळीत वाढलं, आणि त्यावरचे खटले पुढे कित्येक वर्षं चालले. हंगेरीतही अशीच फ्रँक-कर्जं होती. पण तिथल्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्येच व्यापारी बँकांना परकीय चलन विकलं आणि ही घरकर्जं तेव्हाच्या दराने फोरिंटमध्ये बदलण्याची वाट मोकळी केली. तळ केव्हा सुटेल, याचा अंदाज बुडापेस्टमध्येही कुणी वर्तवला नव्हता. त्यांनी उडी ज्यावर येऊन पडली असती, ते कर्जच तिच्या वाटेतून दोन महिने आधी बाजूला काढलं होतं.